तांब्याची न तुटणारी पट्टी : अखंड बहिःसारणाचे तंत्र

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटच्या तीन संचांचे, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. पाणी पात्यांवर आदळते, पाती फिरतात आणि वीज तयार होते, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र ती वीज प्रत्यक्षात निर्माण होते तांब्याच्या वेटोळ्यांत, आणि तेथून पुढील प्रवासातही तांबे तिची पाठ सोडत नाही. खांबांवरील तारा अॅल्युमिनियमच्या असल्या तरी व्होल्टता वाढविणाऱ्या आणि कमी करणाऱ्या मोठ्या रोहित्रांच्या पोटात तांबेच असते. शेतातील पंपाच्या मोटारीतही तांबेच असते.

या दोन तांब्यांत एक फरक आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. जिंतूरच्या काय किंवा अन्य कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार ‘रिवाइंडिंग’ करणाऱ्या दुकानात जे तांबे दिसते ती गोल तार असते आणि ती ‘गेज’वर विकली जाते. उपकेंद्रातील मोठ्या रोहित्रात मात्र तांब्याची चपटी, आयताकृती पट्टी असते व तिच्यावर कागदाचे थर गुंडाळलेले असतात. कित्येक किलोमीटर लांबीची, सांधा नसलेली, सर्वत्र एकाच मापाची आणि मऊ अशी ही पट्टी तयार करण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली, तिला अखंड बहिःसारण म्हणता येईल. कारखान्यांत तिचे नाव ‘कंटिन्युअस एक्स्ट्रूजन’ किंवा नुसते ‘कॉन्फॉर्म’ असे आहे.

गोल तारेऐवजी पट्टी कशासाठी?

हे समजण्यासाठी थोडे भूमितीचे गणित पुरेसे आहे. गोल तारा एकावर एक सरळ रचल्या, तर प्रत्येक तारेभोवतीच्या चौकोनी जागेपैकी सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच जागा तांब्याने भरते. उरलेली जागा वाया जाते. रोहित्राच्या पोलादी गाभ्याभोवतीची प्रत्येक इंच जागा महाग असते. तेथे अधिक जागा लागली तर गाभा मोठा, टाकी मोठी आणि तेलही जास्त लागते. पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे त्याच जागेत अधिक तांबे मावते. शिवाय रोहित्राच्या पुढील भागात कोठे शॉर्टसर्किट झाले की वेटोळ्यांवर प्रचंड यांत्रिक ताण येतो. विद्युत प्रवाह दहापट झाला, तर हा ताण शंभरपट होतो. सपाट बाजूंनी एकमेकींना टेकलेल्या पट्ट्या हा धक्का गोल तारांपेक्षा चांगला पेलतात.

पट्टी करण्याची जुनी पद्धत अशी होती. आठ मिलिमीटर किंवा त्याहून जाड सळई घ्यायची, ती रोलरांखाली दाबून चपटी करायची, मग साच्यांतून ओढून मापात आणायची. परंतु तांबे थंड स्थितीत दाबले किंवा ओढले की कडक होते. पुण्याच्या तांबट आळीतील किंवा नाशिकच्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. हंडा ठोकता ठोकता पत्रा कडक झाला की तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो आणि मगच पुढे हातोडा चालवतो. धातुशास्त्रात या तापविण्याला अनुशीतन म्हणतात. कारखान्यातही तेच करावे लागे. दाबा, ओढा, भट्टीत तापवा, थंड करा, पुन्हा ओढा. प्रत्येक टप्प्याला यंत्र वेगळे, इंधन वेगळे, आणि प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागावर ओरखडा उठण्याची भीती निराळी.

सोऱ्या आणि शेवयांचे यंत्र

दुसरा मार्ग होता दाबून बाहेर काढण्याचा. तापलेल्या तांब्याचा ठोकळा मजबूत नळकांड्यात ठेवायचा आणि मागून दट्ट्याने रेटून पुढच्या साच्याच्या भोकातून बाहेर काढायचा. घरचा चकलीचा सोऱ्या याच तत्त्वावर चालतो. भोकाचा आकार चांदणीसारखा असेल तर चकली, बारीक गोल असेल तर शेव. धातूच्या बाबतीत यालाच बहिःसारण म्हणतात आणि ते एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे.

सोऱ्याच्या अडचणीही गृहिणींना चांगल्या ठाऊक असतात. पीठ संपले की थांबून पुन्हा भरावे लागते. तळाशी थोडे पीठ उरतेच. आणि नव्या पिठाच्या गोळ्याबरोबर हवा अडकली, तर चकली मधेच फुटते. तांब्याच्या दाबयंत्रालाही नेमक्या याच तीन अडचणी आहेत. ठोकळ्याच्या वजनाने पट्टीची लांबी ठरून जाते, शेवटचा तुकडा टाकून द्यावा लागतो, आणि दोन ठोकळ्यांमधील जोड हा दुर्बल बिंदू राहतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी निघणारे हातदांड्याचे शेवयांचे यंत्र यापेक्षा हुशार म्हणायचे. वरून पीठ टाकत राहावे, आतला मळसूत्री दांडा ते पुढे रेटत राहतो आणि शेवया तुटत नाहीत. प्रश्न एवढाच होता, की घट्ट धातूच्या बाबतीत हा दांडा कोणता आणि तो ढकलण्याचे बळ कोठून आणायचे?

त्याचे उत्तर १९७१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मिळाले, आणि तेही तार-पट्टीच्या कारखान्यात नव्हे. ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या लँकेशायर परगण्यातील स्प्रिंगफील्ड्स येथील केंद्रात डेरेक ग्रीन यांनी ही कल्पना मांडली. ‘कंटिन्युअस’ आणि ‘फॉर्मिंग’ या दोन शब्दांची अक्षरे जोडून तिला ‘कॉन्फॉर्म’ असे नाव पडले. आरंभी ती मुख्यतः अॅल्युमिनियमसाठी वापरली गेली. तांब्यासाठी उष्णता आणि दाब दोन्ही जास्त लागत असल्याने तो दाब सोसणारी पोलादे आणि मिश्रधातू हाती आल्यावरच तांब्याचे काम रुळले. इंग्लंडमधील अॅशफर्ड येथील ‘बीडब्ल्यूई’ आणि चीनमधील दालियन शहरातील ‘कॉन्फॉर्म’ यंत्रे बनविणारा उद्योग ही या क्षेत्रातील परिचित नावे होत.

तीन बाजू ओढतात, एक अडवते

यंत्राचा गाभा म्हणजे एक जाड पोलादी चाक. त्याच्या कडेवर सभोवार खाच कोरलेली असते. चाकाच्या एका भागावर ‘शू’ म्हणजे पादुका नावाचा अवजड ठोकळा घट्ट बसविलेला असतो. त्यामुळे त्या भागापुरती खाच वरून झाकली जाते आणि तिची बंद वाट तयार होते. या वाटेच्या टोकाशी एक अडसर खाचेत उतरलेला असतो आणि अडसरालगतच साचा बसविलेला असतो. तांब्याची थंड सळई एका दाबरोलरखालून खाचेत शिरते. चाक फिरू लागते.

येथे जी गंमत आहे, ती समजली की सारे यंत्र समजले. खाचेच्या तळाचा आणि दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग चाकाचाच भाग असल्याने तो चाकाबरोबर पुढे सरकतो. वरची पादुका स्थिर असते. म्हणजे सळईच्या चार बाजूंपैकी तीन बाजू तिला घर्षणाने पुढे ओढतात, तर एकच मागे खेचते. हिशेब पुढे ओढण्याच्याच बाजूने पडतो. सळई अडसरावर जाऊन आदळते, मागून आणखी तांबे येतच राहते, दाब साधारण हवेच्या दाबाच्या हजारो पट होतो आणि घर्षण व विकृती यांतून एवढी उष्णता निर्माण होते, की तांबे सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापते. ते वितळत नाही. तांब्याचा वितळणबिंदू १,०८५ अंश आहे. मात्र ते मळलेल्या कणकेसारखे होते आणि एकमेव मोकळी वाट असलेल्या साच्यातून बाहेर पडते.

इतर बहुतेक धातुकामांत घर्षण हा शत्रू असतो आणि त्याला हरवण्यासाठी तेल, ग्रीस किंवा ग्रॅफाइट लावतात. येथे घर्षण हीच मोटार आणि घर्षण हीच भट्टी आहे. सळई आधी तापवावी लागत नाही आणि बाहेर आलेली पट्टी नंतर अनुशीतनासाठी भट्टीत घालावी लागत नाही, कारण ती उष्ण स्थितीत नव्या स्फटिकरचनेसह मऊ होऊनच बाहेर येते. भट्टीवरचा खर्च वाचतो तो असा.

आकड्यांत पाहायचे तर चाकाचा व्यास ३०० मिलिमीटर धरावा. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो. मिनिटाला आठ फेरे झाले, तर साडेबारा मिलिमीटर जाडीची सळई मिनिटाला सुमारे साडेसात मीटर या वेगाने आत जाते. तिचा काटछेद जवळपास १२३ चौरस मिलिमीटर असतो. साचा १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टीचा असेल, तर पट्टी त्याच्या चौपट वेगाने, मिनिटाला सुमारे ३० मीटर बाहेर येते आणि ताशी पाचशे किलोच्या आसपास तांबे घडविले जाते. एक टन वजनाच्या रिळावर अशी सुमारे ३,७०० मीटर पट्टी बसते. मधे एकही सांधा नसतो. सळई संपत आली की नव्या सळईचे टोक जुन्या टोकाला जोडतात आणि यंत्र चालू राहते.

याहून आश्चर्याची बाब अशी, की बाहेर येणारा आकार आत जाणाऱ्या सळईपेक्षा रुंदही असू शकतो. साच्याआधी एक पसरट पोकळी ठेवली की तांबे तेथे दोन्ही अंगांना पसरते. स्विचगिअरच्या पेटाऱ्यांतील रुंद बसबार असे एखाद्या बोटाएवढ्या जाड सळईतून काढता येतात. दाबयंत्राच्या सोऱ्याला हे जमत नाही.

आत जाते ते बाहेर येते

एवढ्या वर्णनावरून हे काम सोपे वाटेल. तसे ते नाही. ज्या घर्षणावर यंत्र चालते, त्या घर्षणामुळेच सळईच्या पृष्ठभागावरील प्रत्येक कण आत ओढला जातो. तेलाचा ओशटपणा, पाण्याचा अंश, हवेत राहून आलेला काळपट ऑक्साइडचा थर, हाताळताना लागलेली धूळ हे सारे तांब्याच्या पोटात शिरते. सहाशे अंशांना त्याचा वायू होतो, दाबाखाली तो गप्प राहतो आणि पट्टी साच्यातून सुटताच तिच्या कातडीखाली फोड उठतो. काही फोड डोळ्यांना दिसतात. काही दिसत नाहीत, आणि खरी चिंता त्यांचीच. म्हणूनच सळई आत जाण्यापूर्वी ती ब्रशने घासली जाते, सरळ केली जाते, काही कारखान्यांत धुऊन कोरडीही केली जाते. बाहेर येणारी पट्टी हवेला भिडण्यापूर्वीच पाण्याच्या नळीतून नेली जाते, नाहीतर लाल तांबे क्षणात काळे पडेल. त्या पाण्यात काही ठिकाणी थोडे अल्कोहोल मिसळतात. शेवटी आवर्त प्रवाहांवर चालणारे तपासणी यंत्र पट्टीतील भेगा व पोकळ्या हुडकते.

ही काळजी पुस्तकी नाही. पट्टीवर कागद गुंडाळला जातो, तिचे वेटोळे होते, ते तेलात बुडते आणि टाकीचे झाकण बंद होते. यानंतर ते वीस-पंचवीस वर्षे कोणी पाहू नये अशी अपेक्षा असते. पट्टीच्या कडेला केसाएवढी धारदार खवली राहिली असेल, तर ती कागदाचे थर कापते. शिवाय टोकदार जागी विद्युत क्षेत्र एकवटते. म्हणून साच्याचे कोपरे ठरावीक त्रिज्येने गोलसर ठेवलेले असतात आणि साचा झिजला की ते गोलपण बिघडते. पट्टीचा काटछेद कोठे कमी पडला किंवा सांधा नीट झाला नाही, तर तेवढीच जागा जास्त तापते. रोहित्रशास्त्रातील एक रूढ नियम असा, की साध्या कागदाचे तापमान दर सहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. ज्या दिवशी रोहित्र जळते, त्या दिवशी दोष अतिभाराला दिला जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण दुर्बल जागा अनेकदा पहिल्या दिवसापासून आत असते. ऐन रब्बीत उपकेंद्रातील रोहित्र बंद पडले की त्यावरील साऱ्या गावांचे कृषिपंप थांबतात, आणि मोठे रोहित्र बदलणे हे ‘डीपी’ बदलण्याइतके सोपे नसते.

कच्च्या मालाची गोष्टही याच्याशी निगडित आहे. साध्या विद्युत तांब्यात दहा लाख भागांत दोनशे ते चारशे भाग ऑक्सिजन असतो. तार ओढण्यासाठी तो चालतो. परंतु असे तांबे तापलेले असताना त्यात हायड्रोजन शिरला, तर आत पाण्याची वाफ तयार होते आणि धातू आतून तडकतो. अखंड बहिःसारणासाठी म्हणून ऑक्सिजनमुक्त सळई पसंत केली जाते. तिची रूढ पद्धत फिनलंडमधील औटोकुम्पू या कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. तिला ‘अपकास्ट’ म्हणतात. तांब्याचे शुद्ध कॅथोड प्रवर्तन भट्टीत वितळवितात, वर कोळशाचा किंवा ग्रॅफाइटचा थर ठेवून हवा दूर राखतात आणि रसात बुडविलेल्या, पाण्याने थंड केलेल्या ग्रॅफाइटच्या साच्यांतून घट्ट झालेली सळई वरच्या दिशेने ओढून घेतात. तिच्यातील ऑक्सिजन दहा लाखांत दहा भागांहून कमी असतो. विद्युत संवाहकता १९१३ मध्ये ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या शंभर टक्क्यांहून किंचित अधिक भरते. या सळईत स्फटिक मोठे आणि लांबट असतात. बहिःसारणात ते मोडून बारीक होतात, हा आणखी एक फायदा. मात्र ही भट्टी तांबे शुद्ध करीत नाही. मोडीतील तांबे टाकले, तर त्यातील कथील, शिसे सळईत जसेच्या तसे उतरते. स्वस्त सळईचा मोह येथे महागात पडतो.

तळोज्यापासून परभणीपर्यंत

महाराष्ट्राचा तांब्याच्या सळईशी संबंध जुना आहे. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा रायगड जिल्ह्यातील तळोजा येथील प्रकल्प १९८९ मध्ये सुरू झाला. अखंड ओतीव सळईची त्याची क्षमता वर्षाला ६० हजार टनांची होती. ती पद्धत निराळी. तेथे ओतीव दांडा उष्ण असतानाच रोलरांखाली जाऊन आठ मिलिमीटरची सळई होते. गोल तारांच्या धंद्याला तीच सोयीची. याच कंपनीची मलाजखंडची खाण मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे गोंदियाच्या शेजारी आहे. रोहित्रांच्या बाजूने पाहिले तर ऐरोलीतील भारत बिजलीसारखे उद्योग मुंबईच्या परिसरात आहेत. खाण, सळई, पट्टी आणि रोहित्र ही साखळी अशी पश्चिम व मध्य भारतात पसरलेली आहे. तिचा मधला दुवा २०१८ मध्ये हादरला. तमिळनाडूतील तुतिकोरिनचा तांबे शुद्धीकरण कारखाना त्या वर्षी मे महिन्यात बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा भारत आयात करणारा देश बनला. गुजरातमध्ये मुंद्रा येथे २०२४ मध्ये नवा कारखाना सुरू झाला.

अखंड बहिःसारणाचा दुसरा मोठा ग्राहक रेल्वे आहे. विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासत जातो, त्या संपर्कतारेच्या दोन्ही अंगांना पकडीसाठी खाचा असतात. भारतात २५ किलोव्होल्टच्या मार्गांवर तिचा काटछेद १०७ चौरस मिलिमीटर असतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली. मराठवाड्याला विजेच्या गाडीसाठी जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती परभणीमार्गे नांदेडपर्यंत नेण्यात आली. जिंतूर शहराला रेल्वे नाही, ही तक्रार अर्थातच कायम आहे. चीनने आपल्या अतिवेगवान मार्गांसाठी तांब्यात थोडे मॅग्नेशियम किंवा कथील मिसळून संपर्कतार बनविली. त्यात ‘अपकास्ट’ सळई, मग अखंड बहिःसारण, मग थंड ओढकाम असा क्रम ठेवला. बहिःसारणाने स्फटिक बारीक होतात आणि ओढकामाने तार कडक होते.

या उदाहरणातच पद्धतीची मर्यादाही दिसते. बहिःसारित तांबे मऊ असते. रोहित्राच्या वेटोळ्यासाठी ते वळवायला उत्तम, पण जेथे शॉर्टसर्किटचा धक्का मोठा अपेक्षित असतो तेथे पट्टी पुन्हा थोडी ओढून कडक करावी लागते. यंत्राचे भागही झपाट्याने झिजतात. चाक आतून पाण्याने थंड ठेवावे लागते, तर अडसर आणि साचा तापलेलेच हवेत. काम सुरू करताना सळईचे लहान तुकडे घालून यंत्र तापवावे लागते आणि ते तांबे मोडीत जाते. चाक आणि पादुका यांच्यातील मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीतून तांब्याचा कीस सतत बाहेर पडतो. फट जास्त ठेवली तर कीस वाढतो, कमी ठेवली तर चाकच पादुकेला घासते. कुशल कामगार आवाजावरून आणि कीस किती पडतो यावरून फट ओळखतो. यंत्रावर संगणकाचे पडदे आले, तरी हे कसब कालबाह्य झालेले नाही. अतिशय बारीक गोल तारेसाठी ही पद्धत कोणी वापरत नाही. तेथे ओढकामच स्वस्त पडते, आणि म्हणून मोटारीची तार ओढूनच येते.

गावाच्या कडेला खांबांवर बसविलेल्या लहान रोहित्राचे, म्हणजे शेतकऱ्याच्या ‘डीपी’चे काय, असा प्रश्न उरतो. त्यात बहुतांशी तांबे नसते. किंमत आणि चोरी या दोन्ही कारणांनी लहान क्षमतेच्या रोहित्रांत अॅल्युमिनियमचा वापर रूढ झाला. मात्र अॅल्युमिनियमची चपटी पट्टीही याच प्रकारच्या यंत्रातून काढता येते. खाचेत साडेबारा मिलिमीटरच्या तांब्याऐवजी साडेनऊ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सळई घालतात, तापमान उतरवितात, साचा बदलतात आणि चाक त्याच दिशेने फिरू लागते.